विश्लेषण : मशीन ‘अ‍ॅक्सिस एरर’ दाखवून थांबते, तेव्हा खरंच मोटर जळालेली असते का?

मोबाइलचा जुना चार्जर उघडून पाहिला, तर आतल्या छोट्या बोर्डवर मोहरीच्या दाण्याहून बारीक भाग चिकटवलेले दिसतात. त्यातला एखादा रेझिस्टर जेमतेम 1 मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. हे काम ‘पिक अँड प्लेस’ मशीन करते. तिचे नोझल हवा ओढून भाग उचलते, कॅमेऱ्यासमोर धरते आणि सोल्डर पेस्ट लावलेल्या बोर्डवर नेमक्या जागी ठेवते. तासाला असे हजारो भाग बसतात.

आणि मग एखाद्या रात्रपाळीत स्क्रीनवर लाल अक्षरं येतात : एक्स अ‍ॅक्सिस सर्व्हो एरर. मागे बोर्ड तुंबतात, पुढची भट्टी रिकामी चालत राहते. अशा वेळी ‘मोटर गेली’ हा निष्कर्ष सर्वात आधी निघतो. महागडी मोटर मागवली जाते, बसवली जाते आणि दोन दिवसांनी तोच अलार्म पुन्हा येतो.

अलार्म नेमकं काय सांगतो?

डोकं डावीकडे-उजवीकडे नेणारा एक्स, पुढे-मागे नेणारा वाय, वर-खाली करणारा झेड आणि भाग गोल फिरवणारा थीटा, असे या मशीनचे मुख्य अक्ष. प्रत्येकाला मोटर असते आणि सर्व्हो मोटरच्या मागे एन्कोडर. 17 बिटचा एन्कोडर एका फेरीचे 1,31,072 भाग मोजतो. ड्राइव्ह सतत दोन आकडे ताडून पाहतो : डोकं कुठे असायला हवं आणि प्रत्यक्षात कुठे आहे. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, की तो मोटर बंद करतो.

म्हणजे ड्राइव्हला एवढंच कळतं, की डोकं वेळेत पोहोचलं नाही. का पोहोचलं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. रुळावरचं ग्रीस सुकलेलं असेल, बॉल स्क्रूचं कपलिंग सैल असेल, एन्कोडरची तार तुटली असेल. अलार्म बहुतेकदा एकच.

‘केव्हा’ आणि ‘कुठे’

अनुभवी मेंटेनन्सवाला म्हणूनच आधी पाना उचलत नाही, ऑपरेटरला प्रश्न विचारतो. मशीन सुरू करताच, काही हलण्याआधीच अलार्म आला? मग संशय ड्राइव्हवर, एन्कोडरवर किंवा त्यांच्यातल्या केबलवर. अर्ध्या-पाऊण तासाने, मशीन तापल्यावर येतो? घर्षण वाढलंय का, ड्राइव्हचा पंखा फिरतोय का, ते पाहावं. फक्त जोरात ब्रेक लागताना येतो? थांबणारी मोटर जनित्रासारखी वीज परत पाठवते. ती जिरवणारा रेझिस्टर निकामी असेल, तर व्होल्टेज वाढून ड्राइव्ह बंद पडतो.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दरवेळी त्याच एका जागी येणारा अलार्म. अक्षासोबत वाकणाऱ्या केबल चेनमधली तार लाखो वेळा मुडपून आतून तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत. मशीन उभी असताना मल्टिमीटर लावला तर तार चांगलीच दाखवते. केबल हलवत हलवत तपासली, तरच चोर सापडतो. होमिंग होत नसेल, तर सेन्सरच्या खाचेत धूळ किंवा पडलेला एखादा भाग अडकलाय का, हेही आधी पाहावं. फुकटात होणारी तपासणी आहे.

वीज बंद करून डोकं हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवणं, ही तर मोठी परीक्षा. एखाद्या ठिकाणी ते जड झालं किंवा खरखरलं, तर दोष यांत्रिक आहे. मात्र वीज बंद केल्यावरही ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही मिनिटं टिकतं. चार्जचा दिवा विझेपर्यंत आतल्या जोडणीला हात लावायचा नाही. उभ्या झेड अक्षाचा ब्रेक सोडण्याआधी डोक्याला टेकू द्यायचा, नाहीतर ते थेट बोटांवर येतं.

एक्स आणि वायचे ड्राइव्ह एकाच मॉडेलचे असतील, तर त्यांची अदलाबदल करता येते. अलार्म ड्राइव्हसोबत वायवर गेला, तर ड्राइव्ह खराब. एक्सवरच राहिला, तर मोटर, केबल किंवा रुळाकडे वळायचं. इथे घाई नडते. दोन्ही ड्राइव्हचे पॅरामीटर आधी उतरवून घेऊन जागेनुसार परत भरले नाहीत, तर अक्ष उलट्या दिशेनेही धावू शकतो.

अलार्म न देणारी मशीन

छोट्या टेबलावरच्या मशीनमध्ये बऱ्याचदा साधी स्टेपर मोटर असते. ती एका फेरीत 200 पावलं टाकते आणि एन्कोडर नसेल तर एखादं पाऊल चुकल्याचं कोणालाच कळत नाही. मशीन चालूच राहते, फक्त पुढचे सगळे भाग थोडे सरकून बसतात. तिथे बेल्टचा ताण, सैल पुली आणि गरजेपेक्षा जास्त ठेवलेला वेग आधी तपासावा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मशीन सुरू करताना येणारा अलार्म मात्र अनेकदा वेगळाच निघतो. बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची बॅटरी संपलेली असते आणि अक्ष आपली जागा विसरलेला असतो. नवी बॅटरी घालून भागत नाही, शून्यबिंदू पुन्हा जुळवावा लागतो. अशा मशीनची बॅटरी कमी झाल्याची सूचना सुट्टीआधीच दिसली, तर ती कंट्रोलची वीज चालू ठेवून बदलतात.