राजवाड्यातील नर्तकी आणि तिचा दीर

आमच्या गायनवर्गात दर गुरुवारी तंबोऱ्याला हार घालून मगच शिकवणीला आरंभ करण्याचा प्रघात आहे. हा प्रघात वडिलांचा. ते बडोद्याच्या कलावंत कारखान्यात अगदी अखेरच्या दिवसांत, मिसरूड फुटण्याच्या वयात रुजू झाले, आणि मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. परवाच्या गुरुवारी एका लहानग्या विद्यार्थिनीने विचारले, "गुरुजी, आपल्यासारखा वाद्याला नमस्कार आणखी कोठे करतात का हो?" मी चटकन म्हणालो, "कंबोडियात." आणि मग एकदम थबकलो. कारण त्या देशाची पुढची हकीगत त्या मुलीला सांगण्याजोगी नव्हती. ती आज वाचकांपुढे ठेवतो.

कंबोडियाच्या दरबारी वाद्यवृंदास पिनपीट म्हणतात. त्यात लाकडी पट्ट्यांचे रोनेआत, वर्तुळात मांडलेल्या घंटा, आपल्या सनईच्या नात्यातले स्रलाई आणि पखवाजासारखा आडवा ठेवून दोन्ही हातांनी वाजवावयाचा सांफो अशी वाद्ये असतात. सर्वांत मान सांफोचा. तो लय सांभाळतो, आणि त्यात गुरूचा वास असतो अशी तेथील श्रद्धा असल्याने त्याच्यापुढे फुले-उदबत्ती ठेवतात. गुरुवंदनेच्या या विधीतला 'क्रू' हा शब्द म्हणजे आपला 'गुरु'च. विधीचा वारही गुरुवार. आणि त्या वाराचे तेथील नाव आले आहे 'बृहस्पती'वरून! नृत्यनाट्याची कथा रामाची. विद्या मात्र पोथीत नव्हे. ती गुरूच्या देहात आणि शिष्याच्या कानात.

या दरबारात १९२५ च्या सुमारास चेआ सामी नावाची सहा वर्षांची मुलगी नृत्य शिकण्यास दाखल झाली. बोटे मागे वाकविण्यापासून तिची तालीम सुरू झाली आणि पुढे ती राजवाड्यातील नामांकित नर्तकी बनली. सयाजीरावांच्या पहिल्या राणीसाहेब चिमणाबाईंबरोबर तंजावरहून आलेल्या नृत्यांगना ज्या शहराने पाहिल्या, त्यास असले आयुष्य परके वाटू नये. सामीबाईंचे लग्न राजवाड्यातच नोकरीस असलेल्या लोथ सुओंग यांच्याशी झाले. त्यांचा धाकटा भाऊ सालोथ सार या थोरल्या भावाकडे राहूनच शिकला. चुलत बहीणही दरबारी नर्तकीच. पिनपीटचा नाद ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडला, तो हा मुलगा. १९४९ साली तो रेडिओचे तंत्र शिकण्यास पॅरिसला गेला, परीक्षांत नापास झाला आणि क्रांतीचे वेड घेऊन १९५३ साली परतला. जग त्याला पुढे पोल पोट या नावाने ओळखू लागले.

१७ एप्रिल १९७५ रोजी त्याच्या ख्मेर रूज सैन्याने राजधानी प्नोम पेन्ह घेतली. लोकांना शहराबाहेर हाकलण्यास त्याच दिवशी सुरुवात झाली. इस्पितळातले रोगीही खाटांसकट रस्त्यावर आले. पैसा बंद, बाजार बंद, शाळा बंद, देवळे बंद! सारा देश शेतांवर राबावयास लावला. भूक, रोग, वेठ आणि वध यांनी तीन वर्षे आठ महिन्यांत अदमासे १५ ते २० लाख माणसे गेली. देशाची लोकसंख्या होती ८० लाखांच्या आतबाहेर. म्हणजे दर चार-पाच माणसांमागे एक!

जुने संगीत निषिद्ध ठरले. कर्ण्यांवरून क्रांतीची गीते तेवढी वाजत. ज्याचा आवाज देशभर घरोघरी ओळखीचा होता, तो गायक सिन सिसामूथ याच काळात नाहीसा झाला. नर्तकी हात मळवून शेतकरणी असल्याचे भासवीत, वादक आपली विद्या लपवीत. दर दहा कलावंतांपैकी नऊ गेले असे तेथील लोक सांगतात.

सामीबाईही एका वसाहतीत राबत होत्या. तेथील सार्वजनिक भोजनगृहात १९७८ साली एक तसबीर लागली. पाहतात तो काय, हा तर आपला दीर! ज्याच्या राज्यात आपण उपाशी आहोत तो आपल्याच घरातला मुलगा, हे त्यांना तेव्हा कळले. सख्खा भाऊ म्हणून सुओंग यांनाही कोणती सवलत नव्हती. हा वृत्तान्त सामीबाईंनी पुढे आपले लेखक अमिताव घोष यांना सांगितला.

वाचकहो, मी पेशाने शिक्षक. 'सूर लागला की माणूस सुधारतो' असे वर्गात अनेकदा बोलून गेलो आहे. परंतु ज्याच्या कानांवर बालपणी इतके सूर पडले त्याने हे केले. राजधानीतल्या एका शाळेचा तुरुंग झाला. तुओल स्लेंग हे त्याचे नाव. तेथून १२ हजारांहून अधिक माणसे मरणाकडे गेली, आणि त्या तुरुंगाचा प्रमुख दुइक हा पूर्वीचा गणिताचा शिक्षक! बाटाम्बांग प्रांतातील एका देवळात तर आर्न चोर्न-पोंड या दहाएक वर्षांच्या मुलास बासरी आणि संतुरासारखे खिम शिकवून क्रांतिगीते वाजवावयास लावीत. मारल्या जाणाऱ्यांच्या किंकाळ्या त्या वादनात बुडून जात. सूर निर्दोष असतो, वाजविणारा पोरही निर्दोष. पण सूर स्वतः होऊन कोणाचा हात धरीत नाही. ती जबाबदारी माणसाचीच राहते. वर्गातले माझे ते वाक्य मी आता सोडून दिले आहे.

७ जानेवारी १९७९ रोजी व्हिएतनामी सैन्य राजधानीत आले आणि ती राजवट कोसळली. हयात राहिलेले मूठभर कलावंत हळूहळू एकत्र जमले. कोणाला एका प्रवेशातली हातांची मुद्रा आठवे, कोणाला तिच्यासोबतचा ताल, तर कोणाला गाण्याचे अर्धेच शब्द. असे तुकडे जुळवून त्यांनी नृत्य पुन्हा उभे केले. ललित कला विद्यालयात सामीबाई मुलींची बोटे वाकवू लागल्या आणि १९९४ साली मृत्यूपर्यंत शिकवीत राहिल्या. आर्नही अमेरिकेतून परतला, आपल्या जुन्या गुरूंना शोधून त्यांच्या पायाशी गेला, आणि १९९८ साली म्हाताऱ्या उस्तादांकडून मुलांना विद्या देवविण्याचे काम त्याने आरंभिले. २००३ साली युनेस्कोने या दरबारी नृत्याचा गौरव केला.

न्याय मात्र पाय ओढीत आला. पोल पोट १९९८ साली मेला. रीतसर न्यायालयापुढे तो कधी उभा राहिलाच नाही. दुइकला २०१० साली शिक्षा झाली. उरलेल्या दोन वृद्ध पुढाऱ्यांवर वंशसंहाराचा गुन्हा २०१८ साली शाबीत झाला, तोही व्हिएतनामींपुरता, आणि चाम मुसलमानांबाबत दोघांपैकी एकावरच; बहुसंख्य ख्मेर जनतेच्या कत्तलीस कायद्याने 'मानवतेविरुद्धचे गुन्हे' म्हटले. राफाएल लेम्किन या पोलंडमधील ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली वंशसंहारासाठी नवा शब्द घडविला, तेव्हा एखाद्या समाजाची भाषा, कला, देवळे बुडविणे हाही संहारच, असा त्याचा आग्रह होता. मसुद्यात ते कलम होते. ९ डिसेंबर १९४८ च्या करारात ते राहिले नाही.

आमचा दरबार १९४९ साली विलीन झाला. कलावंतांचे वेतन गेले, मान गेला, काहींची आबाळही झाली. परंतु कोणी त्यांच्या हातातली सारंगी पाहून त्यांना खड्ड्याकडे नेले नाही. ते शाळांत गेले, रेडिओवर गेले, विद्या चालू राहिली. तरीही एक गोष्ट मनाला लागते. वडिलांनी काही चिजा जपून ठेवल्या होत्या. "वेळ आली की देईन" म्हणत. ती वेळ आली नाही आणि त्या चिजा त्यांच्याबरोबर गेल्या. घराण्याघराण्यांतून असे किती गेले असेल! तेथे बंदुकीने जे केले त्यातले थोडे येथे आपल्या कृपणपणाने होते, असे म्हटले तर दोहोंची बरोबरी केल्यासारखे होईल, आणि ती मला करावयाची नाही. पण ज्यांना लुटले गेले त्यांनी उरलेले तुकडे वाटून घेतले. आपणांस कोणी लुटले नाही, आणि आपण लपवितो, याची लाज वाटते.

येत्या गुरुवारी तंबोऱ्याला हार घालून झाला की त्या मुलीला सामीबाईंचे नाव सांगणार आहे. बाकीची हकीगत ती मोठी झाल्यावर. आणि मला येणारी प्रत्येक चीज, मागेल त्याला.