अंसकूट

अंसकूट म्हणजे खांद्याच्या माथ्यावर त्वचेखाली सहज हाताला लागणारे, अंसफलकाचे हाडाचे टोक होय. अंसफलक हे पाठीच्या वरच्या भागातील त्रिकोणी, चपटे हाड असून बोलीभाषेत त्यास खांद्याचा फरा म्हणतात. त्याच्या मागील पृष्ठावर एक आडवी कड उभारलेली असते. ही कड बाहेरच्या बाजूस जाता जाता रुंदावते, पुढे वळते आणि खांद्याच्या सांध्यावर वळचणीसारखी झुकते. हा झुकलेला भाग म्हणजे अंसकूट. सदऱ्याचे माप घेताना शिंपी टेपचे टोक जेथे टेकवतो, ते साधारणतः हेच हाड.

नाव

संस्कृतात ‘अंस’ म्हणजे खांदा व ‘कूट’ म्हणजे शिखर. इंग्रजीत रूढ असलेला ‘अ‍ॅक्रोमिअन’ हा मूळचा ग्रीक शब्दही खांद्याचे टोक हाच अर्थ देतो. तथापि अंसकूट हे अलीकडच्या कोशकारांनी केलेले भाषांतर नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात ‘अपालाप’ या मर्माचे स्थान सांगताना अंसकूटाचाच आधार घेतलेला आहे.

रचना

अंसकूटाच्या आतील कडेवर एक लहान लंबगोल पृष्ठ असते. तेथे जत्रुकाचे, म्हणजे गळ्याखालील आडव्या हाडाचे, बाहेरचे टोक येऊन मिळते. दंडाला गोलाई देणाऱ्या डेल्टॉइड स्नायूचे मधले तंतू अंसकूटाच्या बाहेरील कडेपासून निघतात, तर मानेकडून उतरणाऱ्या ट्रॅपिझियस स्नायूचे काही तंतू आतील कडेवर संपतात. पुढील टोकापासून एक मजबूत बंध निघून अंसफलकाच्याच दुसऱ्या, कावळ्याच्या चोचीसारख्या प्रवर्धास जोडला जातो. अंसकूट, हा बंध व तो प्रवर्ध मिळून भुजास्थीच्या डोक्यावर एक कमान तयार होते. कमानीखालच्या अरुंद जागेतून हात वर उचलण्यास मदत करणाऱ्या सुप्रास्पायनेटस स्नायूची कंडरा जाते. घर्षण कमी व्हावे म्हणून मध्ये बर्सा नावाची पातळ पिशवी असते.

अस्थीभवन

जन्माच्या वेळी अंसकूट कूर्चेचे असते. पौगंडावस्थेत त्यात अस्थीभवनाची अनेक केंद्रे दिसू लागतात व विशी-पंचविशीच्या दरम्यान ती एकजीव होतात. काहींमध्ये मात्र एखादा तुकडा जन्मभर वेगळाच राहतो. क्ष-किरण चित्रात तो अस्थिभंगासारखा दिसत असल्याने निदानात फसगत होऊ शकते. 1545 मध्ये बुडालेले ‘मेरी रोज’ हे इंग्लंडचे युद्धनौका-जहाज 1982 मध्ये वर काढण्यात आले. त्यावरील सांगाड्यांत असे न जुळलेले अंसकूट नेहमीपेक्षा अधिक आढळले. लहानपणापासून जड धनुष्य ओढण्याच्या सरावाशी अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला आहे.

मापनातील उपयोग

हे हाड स्थूल माणसातही चाचपता येते, म्हणून ते मापनाचा भरवशाचा बिंदू ठरले आहे. लस दंडात टोचताना अंसकूटाच्या दोन-तीन बोटे खालची जागा निवडतात. सुई फार वर गेल्यास बर्सास इजा होऊन खांदा दीर्घकाळ दुखू शकतो. अंगणवाडीत बालकाचा दंडघेर मोजण्याची पट्टीही अंसकूट व कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर गुंडाळायची असते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाचा घेर 11.5 सेंमी.पेक्षा कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित गणले जाते. दंड सर्वत्र सारखा जाड नसतो. मध्य चुकला की काही मिलिमीटरच्या फरकाने उपचारांची गरज असलेले मूल यादीबाहेर राहू शकते.

खांदेदुखी व शस्त्रक्रिया

हात वर करताना कंडरा अंसकूटाखाली चिमटली जाते व त्यामुळे खांदा दुखतो, अशी मांडणी अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी 1972 मध्ये केली. 1986 मध्ये अंसकूटाचे सपाट, वक्र व आकड्यासारखे असे तीन प्रकार वर्णिले गेले आणि आकड्यासारख्या आकारावर दोष ठेवला जाऊ लागला. परिणामी अंसकूटाचा खालचा भाग तासण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. मांडणी पटण्याजोगी होती, पण तिची खरी कसोटी फार उशिरा लागली. 2018 मध्ये ब्रिटन व फिनलंड येथील चाचण्यांत काही रुग्णांचे हाड तासले, तर काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले. दोन्ही गटांच्या वेदनेत लक्षणीय फरक आढळला नाही. त्यानंतर 2019 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील तज्ज्ञगटाने अशा खांदेदुखीसाठी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली.