उच्च रक्तदाबजन्य दृष्टिपटल विलगन

रक्तदाब अतिशय वाढल्यामुळे डोळ्यातील दृष्टिपटल त्याच्या मागील थरापासून सुटे होणे, यास उच्च रक्तदाबजन्य दृष्टिपटल विलगन असे म्हणतात. बोलीभाषेत दृष्टिपटल विलगनाला ‘पडदा सरकणे’ म्हणतात. मात्र पडदा सरकण्याची कारणे अनेक असून त्यांवरील उपचारही भिन्न आहेत.

कारणे

सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात पटलाला छिद्र पडते व त्यातून द्रव पटलामागे शिरतो. छिद्र बंद करणे हाच त्यावरील उपाय, हे स्वित्झर्लंडमधील नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिले. या प्रकारात शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचार आवश्यक ठरतात. उच्च रक्तदाबजन्य प्रकारात छिद्र नसते. पटलामागील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होऊन द्रव झिरपतो आणि साचतो. गरोदरपणात रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत वाढल्यासही असे घडू शकते.

उपचार

येथे मुख्य उपचार रक्तदाबावरील औषधांचा असतो. दाब आटोक्यात आल्यावर द्रव हळूहळू शोषला जातो व बहुधा शस्त्रक्रियेविनाच पटल पूर्ववत बसते. दाब एकाएकी फार उतरवल्यास मात्र मेंदू व दृष्टिचेता यांचा रक्तपुरवठा घटण्याचा धोका असतो. म्हणून तो वैद्यकीय देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने कमी करतात.

औषधांचा इतिहास

रक्तदाबावरील आधुनिक औषधांच्या इतिहासात मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे. सर्पगंधा ही वनस्पती भारतीय वैद्यकात पूर्वापार वापरात होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तिची पद्धतशीर चाचणी घेतली व निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्या मुळांतून रेसर्पीन हे द्रव्य वेगळे केले. वकील यांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. नैराश्यासारखे दुष्परिणाम आणि नव्या औषधांची उपलब्धता यांमुळे पुढे रेसर्पीनचा वापर घटला.

लक्षणे

डोळ्यांपुढे प्रकाश चमकणे, अचानक काळे ठिपके तरंगणे किंवा एका बाजूने सावली पसरणे ही छिद्रजन्य प्रकाराची लक्षणे होत. रक्तदाबजन्य प्रकारात दृष्टी अंधुक होते व पुष्कळदा डोकेदुखीही असते. लक्षणांवरून रुग्णाला प्रकार ओळखता येत नाही. त्यामुळे तातडीने नेत्रतपासणी व रक्तदाबमापन ही दोन्ही करणे आवश्यक असते.