±०.०१ लिहिण्याआधी

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला टेस्ट रिगसाठी ॲल्युमिनियमचे दोन ब्लॉक करून घ्यायचे होते. मी कॅडमध्ये मॉडेल केलं, ड्रॉइंग काढलं आणि प्रत्येक मापापुढे ±०.०१ मिमी लिहून टाकलं. रिसर्चचं काम आहे, अचूक हवं, एवढंच डोक्यात! वर्कशॉपमधल्या काकांनी कागद पाहिला आणि विचारलं, "यात नक्की काय बसणार आहे?" मला धड सांगता येईना. त्या कागदापायी तीन आठवडे गेले.

तुम्ही हा प्रश्न कॅड उघडायच्या आधीच स्वतःला विचारा. माझ्या ब्लॉकमधून २० मिमीचा शाफ्ट सरकणार होता, म्हणजे सगळं महत्त्व त्या भोकाला. भोकाला एच७ टॉलरन्स दिला तर ते २०.००० ते २०.०२१ मिमीमध्ये येतं. शाफ्टला जी६ दिला तर तो १९.९८० ते १९.९९३. म्हणजे फट कमीत कमी ७ मायक्रॉन, जास्तीत जास्त ४१. शाफ्ट सरकतो, पण फार डुगडुगत नाही. शिवाय २० मिमीचा रीमर सहज मिळतो. आधी थोडं लहान ड्रिल करायचं आणि मग रीमर फिरवायचा. तुम्ही हौसेने १९.७ मिमी ठेवलंत तर रीमर शोधत बसा.

बाहेरच्या कडा कशालाच टेकत नव्हत्या. तिथे ±०.३ सुद्धा चाललं असतं. आणि मापनाचं प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस असतं हे मला माहीतच नव्हतं. १०० मिमी ॲल्युमिनियम ३५ अंशांच्या शेडमध्ये मोजलं तर ते सुमारे ०.०३५ मिमी वाढलेलं असतं. मग माझ्या ±०.०१ला अर्थ काय उरला?

खरी अडचण वेगळीच होती. शाफ्ट दोन्ही ब्लॉकमधून जाणार, तेव्हा दोन्ही भोकं एका रेषेत हवीत. तळापासूनची उंची नेमकी किती, याला तितकं महत्त्व नाही; दोन्हींची सारखी हवी. काकांचा उपाय सोपा होता: दोन्ही ब्लॉक एकत्र बांधायचे आणि एकाच सेटिंगमध्ये भोक करायचं. मी मात्र दोन स्वतंत्र ड्रॉइंग देऊन मोकळा झालो होतो.

सेन्सरच्या चौकोनी खाचेचे आतले कोपरेही मी काटकोनात काढले होते. मिलिंगचा कटर गोल असतो, कोपऱ्यात त्याची त्रिज्या राहणारच. सेन्सरचा कोपरा तिथे अडतो. म्हणून कोपऱ्यांवर थोडं जास्त कोरून जागा मोकळी ठेवली.

नव्या ड्रॉइंगवर घट्ट टॉलरन्स फक्त भोकाला होता, आणि खाली एक टीप: "दोन्ही नग एकत्र बांधून बोअर करणे." काकांनी या वेळी एवढंच विचारलं, "कधी हवंय?"