पत्त्यापासून ओळखीपर्यंत : एका जुन्या संगणकाची तेवीस वर्षं

२०२५च्या मे महिन्यात आमच्या नारायण पेठेतल्या अक्षरजुळणीच्या खोलीत जुन्या संगणकाची हार्ड डिस्क खटखट वाजू लागली. हा आवाज ओळखीचा असतो. डिस्कचं वाचणारं टोक हवी ती जागा शोधतं, ती सापडत नाही, परत मागे येतं आणि पुन्हा शोधतं. मी संगणक बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा सुरू केला नाही.

हा संगणक २००२ साली जुळवून घेतलेला. पेंटियम ४, २० जीबीची आयडीई डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह. त्याच्यात तीन घरं आहेत. पहिल्यात विंडोज ९८, कारण मराठी अक्षरजुळणीचं आमचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं आणि त्याचं कुलूप, म्हणजे डोंगल, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतं. नव्या संगणकाला तो पोर्टच नसतो. दुसऱ्यात विंडोज एक्सपी, जुन्या स्कॅनरसाठी. तिसऱ्यात लिनक्स. स्मरणिका, गौरवग्रंथ, दिवाळी अंक, शब्दसंग्रह असं वीस-पंचवीस वर्षांचं काम या एका खोक्यात मूळ रूपात उघडतं, दुसरीकडे कुठेही नाही. म्हणून तो जपला.

तेवीस वर्षांत त्याची डिस्क तीनदा बदलली, आणि तिन्ही वेळा तो सुरू व्हायला अडला. दर वेळी कारण वेगळं निघालं. आज ती तीन कारणं शेजारी मांडून पाहिली, की पर्सनल कॉम्प्युटरच्या प्रवासातली एक मोठी गोष्ट त्यांत दिसते. आपली वस्तू संगणक कशावरून शोधतो, ती कुठे आहे यावरून की ती कोण आहे यावरून?

आधी थोडं मूळ समजून घेऊ. जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइट्सचा असतो. त्याला एमबीआर म्हणतात. त्यात ४४६ बाइट्स संगणक सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट्स पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट्स खुणेसाठी. तक्त्यात सोळा-सोळा बाइट्सच्या चारच नोंदी मावतात, म्हणून मुख्य पार्टिशन चारच. संगणक सुरू झाला की बायोस हा एक सेक्टर वाचतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. पुढचं सगळं या साखळीवर अवलंबून : एमबीआरला पुढच्या टप्प्याची जागा माहीत हवी, त्या टप्प्याला कर्नलची किंवा विंडोजच्या पहिल्या फाइलची. एक जरी कडी चुकली तरी काळ्या पडद्यावर दोन-चार अक्षरं येतात आणि सगळं थांबतं.

पहिला बदल २००५ साली. २० जीबी भरली, ८० जीबीची डिस्क आणली. विंडोजची पार्टिशनं एका प्रोग्रॅमनं मोठी करून हलवली, लिनक्सच्या फाइली एकेक करून नव्या जागी उतरवल्या. जुनी डिस्क काढली, नवीचा जंपर मास्टरवर लावला, बटण दाबलं. पडद्यावर दोन अक्षरं उमटली : LI. आणि पुढे काही नाही.

तेव्हा आमच्याकडे डेबियन होतं आणि सुरुवात करून देणारा लिलो. वर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२च्या सुमारास लिहिलेला हा बूटलोडर पडद्यावर आपलं नावच एकेक अक्षरानं लिहितो, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे एक पायरी. चारही अक्षरं आली तर सगळं ठीक. L आणि I येऊन थांबला तर अर्थ असा, की दुसरा टप्पा वाचला गेला पण चालवता आला नाही. एक तर डिस्कची मापं जुळत नाहीत, नाहीतर फाइल जागेवरून हलली आहे. नुसत्या दोन अक्षरांत त्यानं दुखणं नेमकं सांगितलं होतं.

आमची फाइल हललीच होती. लिलोला फाइल सिस्टिम वाचता येत नाही. कर्नलचं नाव त्याला कळत नाही, तो डिस्कवर कोणकोणत्या सेक्टरांत आहे एवढीच यादी त्याच्याकडे असते. कर्नलची दुसरीकडे हुबेहूब नक्कल केली तरी त्याच्या लेखी घर रिकामं. उपाय सोपा होता, फक्त तिथवर पोचायला बाहेरचं दार हवं होतं. नॉपिक्सची सीडी घातली, संगणक तिच्यावरून सुरू केला, नवं लिनक्स पार्टिशन माउंट केलं आणि लिलोला नव्या मुळाचा रस्ता देऊन पुन्हा चालवलं. त्यानं यादी नव्यानं लिहिली. पुढच्या खेपेला चारही अक्षरं आली.

विंडोज एक्सपीही उठलं. ९८ मात्र म्हणालं, की सिस्टिम डिस्क चुकीची आहे, बदला आणि कुठलीही कळ दाबा. इथेही तोच प्रकार. एक्सपी नंतर बसवलं की ते ९८चा मूळ बूट सेक्टर बूटसेक्ट डॉट डॉस नावाच्या फाइलमध्ये ठेवतं आणि मेनूतून ९८ निवडलं की तीच प्रत वापरतं. त्या ५१२ बाइट्समध्ये पार्टिशन किती मोठं, फाइलींचा तक्ता किती लांब, ही मापं कोरलेली असतात. आम्ही पार्टिशन मोठं केलं, तक्ता लांबला, पण जपलेल्या प्रतीत जुनीच मापं राहिली. नवी प्रत करून ठेवली आणि ९८ सुरू झालं. पहिल्या बदलाचा धडा एवढाच : सामान हलवलं, पण पत्त्यांच्या वह्या जुन्याच राहिल्या.

त्यानंतरच्या काळात पत्त्यांवरचा हा भर कमी होत गेला. आमच्याकडे लिलोच्या जागी ग्रब हा बूटलोडर आला. त्याला फाइल सिस्टिम वाचता येते, म्हणून कर्नल जागेवरून हलला तरी तो नावानं शोधून काढतो. २००७च्या आसपास अनेक लिनक्स वितरणांनी आयडीई डिस्कसाठीही नवे ड्रायव्हर घेतले आणि एचडीए नावाची डिस्क एका अपडेटमध्ये एसडीए झाली. ज्यांच्या माउंटच्या यादीत जुनं नाव लिहिलेलं होतं, त्यांचे संगणक डिस्कला हातही न लावता अडले. यावरचा उपाय म्हणजे यूयूआयडी. पार्टिशन फॉरमॅट होताना त्याला १२८ बिटांचा एक क्रमांक मिळतो आणि तो त्याच्याच पोटात लिहिलेला असतो. डिस्क कुठल्याही केबलला लावा, क्रमांक तोच. पत्त्याची जागा ओळखीनं घेतली.

दुसरा बदल २००९ साली, ८० जीबीवरून १२० जीबीवर. दुकानात १६० जीबीची थोड्याच जास्त पैशांत मिळत होती, ती घेतली नाही. जुन्या पद्धतीत सेक्टरचा क्रमांक २८ बिटांचा असतो आणि तो १३७ जीबीपाशी संपतो. एक्सपीला पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर पुढे मोजता येतं, ९८ला आपणहून येत नाही. त्या हद्दीपलीकडे लिहायला गेलं तर ते डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर उमटण्याचा धोका असतो.

या वेळी पत्त्यांची काळजीच नको म्हणून सबंध डिस्कची बाइटला बाइट नक्कल केली. खात्री करायला दोन्ही डिस्क जोडलेल्याच ठेवल्या. एक्सपी स्वागताच्या पडद्यापर्यंत आलं, पासवर्ड घेतला, आत गेल्यासारखं केलं आणि लगेच पुन्हा बाहेर. पुन्हा पासवर्ड, पुन्हा बाहेर. लिनक्स मात्र छान उठलं. मी त्यावर संध्याकाळभर एका स्मरणिकेची मुद्रितं तपासून जतन केली. दुसऱ्या दिवशी जुनी डिस्क काढली तर ते काम नव्या डिस्कवर नव्हतंच.

दोन्हींचं मूळ एक. हुबेहूब नक्कल केली की ओळखही नक्कल होते. लिनक्सपुढे एकाच यूयूआयडीची दोन पार्टिशनं होती, त्यानं जुनं उचललं. एक्सपी डिस्कला एमबीआरमधल्या चार बाइट्सच्या सहीनं ओळखतं आणि कुठल्या पार्टिशनला कुठलं ड्राइव्ह अक्षर द्यायचं हे त्या सहीवरून रजिस्ट्रीत लिहून ठेवतं. एकाच सहीच्या दोन डिस्क दिसल्यावर त्यानं एकीची सही बदलली, नव्या पार्टिशनला वेगळं अक्षर दिलं, आणि लॉगिननंतर चालवायचा प्रोग्रॅम मात्र जुन्याच अक्षरावर शोधत राहिलं. तो न मिळाल्यानं दर वेळी बाहेर. मी जुन्या डिस्कवरून नव्यानं नक्कल केली, जुनी डिस्क लगेच काढून ठेवली आणि मगच पहिल्यांदा संगणक सुरू केला. दोन्ही सिस्टिमा सरळ उठल्या. नक्कल पुरी झाली की मूळ डिस्क बाजूला काढायची आणि मगच पहिलं बूट, हा नियम त्या दिवसापासून आमच्या भिंतीवर लिहिलेला आहे.

आता २०२५. आयडीई डिस्क नव्या मिळत नाहीत. १२० जीबीची साटा एसएसडी आणि आयडीईला जोडणारा एक छोटा कन्व्हर्टर आणला. खटखटणारी डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून डीडीरेस्क्यूनं नक्कल घेतली. हे साधन आधी सोपे भाग भराभर उचलतं, खराब जागा सोडून पुढे जातं, मग त्यांच्याकडे परत वळतं आणि कुठवर आलो हे एका फाइलमध्ये लिहीत राहतं. मध्ये थांबवलं तरी काम वाया जात नाही. मरणाऱ्या डिस्कला कमीत कमी श्रम द्यायचे, तर हीच रीत. रात्रभरात जवळजवळ सगळं आलं.

जुनी डिस्क काढली, नवी लावली. ग्रबचा मेनू आला. लिनक्स उठलं. विंडोज निवडलं की मात्र कर्सर लुकलुकत राही. पत्ते तेच, ओळख तीच, जुनी डिस्क कपाटात. मग काय बदललं?

इथे मी दोन तास चुकीच्या दिशेनं शोधत होतो. कन्व्हर्टरचा जंपर, केबल, एसएसडी, सगळ्यांवर संशय घेतला. उत्तर पडद्याच्या कोपऱ्यात होतं. लिनक्समधलं घड्याळ १ जानेवारी २००२ दाखवत होतं. मदरबोर्डवरची सीआर २०३२ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली होती. एरवी वीज जोडलेली असल्यामुळे तिच्यावाचून चालत होतं. डिस्क बदलायला केबल काढली, तास-दोन तास गेले आणि बायोसची सगळी मांडणी पुसली गेली. मूळ मांडणीत डिस्क मोजण्याची पद्धत ऑटोवर गेली आणि तिनं एलबीएऐवजी लार्ज निवडलं.

फरक हिशेबाचा आहे. जुन्या बूट सेक्टरला सेक्टरचा सरळ क्रमांक कळत नाही. तो सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत बोलतो आणि बायोस त्या आकड्यांची जागा ठरवतो. लार्जमध्ये हेडची संख्या वेगळी धरली जाते, त्यामुळे तेच तीन आकडे वेगळ्याच जागी नेतात. ग्रब आणि लिनक्स सरळ क्रमांक वापरतात, त्यांना फरक पडला नाही. आमच्या दोन्ही विंडोज मात्र पहिल्या पार्टिशनच्या त्याच जुन्या बूट सेक्टरमधून जातात, म्हणून दोन्ही एकदम अडल्या. लिनक्स चालतं आणि दोन्ही विंडोज चालत नाहीत, एवढ्यावरूनच दोघींचा समान दरवाजा तपासायला हवा होता. नवी बॅटरी घातली, पद्धत एलबीएवर आणली, तारीख लावली. अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर उघडलं आणि २००३ सालच्या एका स्मरणिकेचं पहिलं पान जसंच्या तसं समोर आलं.

नव्या संगणकांत ही साखळी बरीच सुधारली आहे. जीपीटी तक्त्यात प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा क्रमांक असतो, तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते, आणि यूईएफआय बूटलोडरला फाइल म्हणूनच उघडतं. तरी बूटची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते, म्हणून डिस्क दुसऱ्या खोक्यात नेली की ती नोंद मागे राहते. अडचण राहिली आहे, तिचं रूप बदललं आहे.

आमच्या व्यवसायातही हेच घडलं. जुन्या मराठी फाँटांत अक्षराला ओळख नव्हती, जागा होती. एका कंपनीच्या फाँटात ज्या क्रमांकावर ‘क’, दुसऱ्याच्या फाँटात तिथे ‘ळ’, आणि फाँट नसेल तर रोमन अक्षरांचा गोंधळ. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि फाँट कुठलाही असो, तो ‘क’च राहिला. ९८मधल्या आमच्या फाइली अजून त्या जुन्या जगात आहेत. त्या वाचणारा संगणक आहे तोवरच त्या मराठी आहेत. तो गेला की उरतील नुसते बाइट्स.

म्हणून तिसऱ्या बदलानंतर आम्ही काम बदललं. संगणक जपणं पुरेसं नाही, त्यातलं बाहेर काढायला हवं. रोज दोन तास जुन्या फाइली उघडून आधी पीडीएफ करतो, मग मजकूर युनिकोडमध्ये आणून जोडाक्षरं आणि रफार एकेक तपासतो. लिनक्सकडूनही वेळ मोजूनच मिळालेला आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलरच नाही.

ज्यांच्या घरी, छापखान्यात, शाळेत किंवा वाचनालयात असा जुना संगणक आहे त्यांना एवढंच सांगायचं आहे. डिस्क वाजायची वाट पाहू नका. आजच तिची पूर्ण नक्कल घ्या, पार्टिशनचा तक्ता आणि बायोसची मांडणी कागदावर उतरवा, मदरबोर्डची बॅटरी बदला. अडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय चालतंय तेही काय अडलंय त्याच्या शेजारी लिहा. नवी डिस्क चालली म्हणून जुनी लगेच पुसू नका. आणि संगणक सुरू आहे तोवर त्यातलं मराठी युनिकोडमध्ये आणा.