सेल पाझरला, उपकरण गेले!

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, जळगाव-धुळ्यातील असंख्य घरांत ऑक्सिमीटर आणि दुरून ताप मोजणारी उपकरणे आली. साथ ओसरली, उपकरणे कपाटाच्या कप्प्यात गेली आणि त्यांतील सेल मात्र आतच राहिले. आज मध्यरात्री घरातील वृद्धाला धाप लागली आणि तेच ऑक्सिमीटर बाहेर काढले, तर ते सुरू होईलच याची खात्री देता येत नाही. मागचे झाकण उघडावे तो सेलच्या टोकाशी पांढरी भुकटी आणि पत्र्याच्या पट्टीवर हिरवट थर! काही रुपयांच्या सेलपायी शेकडो रुपयांचे उपकरण हातचे जाते आणि तेही नेमके गरजेच्या वेळी. रक्तदाब मोजण्याचे यंत्र, टीव्हीचा रिमोट, भिंतीवरचे घड्याळ, गॅस गिझर, मुलांची खेळणी आणि शेतावर नेण्याची विजेरी या सर्वांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. हा दोष नशिबाचा नाही. सेल का पाझरतो हे समजून घेतले, तर बहुतेक नुकसान टाळता येते.

सेलच्या पोटात काय असते?

बाजारात मिळणारे साधे सेल मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. पहिला जस्त-कार्बन सेल. फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये तयार केलेल्या ओल्या विद्युतघटाला जर्मनीच्या कार्ल गास्नर यांनी १८८६ च्या सुमारास कोरड्या, कुठेही नेता येईल अशा सेलचे रूप दिले. भारतात आजही याच प्रकारच्या सेलचा खप मोठा आहे. त्यात जस्ताची डबी हीच ऋण बाजू असते, मधोमध कार्बनची कांडी असते आणि दोहोंच्या मध्ये मँगनीज डायऑक्साइड व आम्लधर्मी क्षारांचा ओलसर लगदा भरलेला असतो. येथेच खरी मेख आहे. वीज निर्माण होताना जस्त खर्ची पडते, म्हणजे सेल आपलीच भिंत खात असतो. सेल संपत येतो तसतशी ही भिंत पातळ होते, तिला बारीक छिद्रे पडतात आणि आतील द्रव बाहेर येतो.

दुसरा प्रकार अल्कलाइन सेलचा. लुईस अरी या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने १९५० च्या दशकात त्याला व्यवहारोपयोगी रूप दिले. यात बाहेरची डबी पोलादाची असते, जस्त भुकटीच्या रूपात आत असते आणि द्रव असतो पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजे तीव्र अल्कलीचा. डबी खर्ची पडत नसल्याने हा सेल अधिक सुरक्षित वाटतो, परंतु त्याची अडचण निराळी आहे. आतील जस्त अल्कलीशी संथपणे क्रिया करीत राहते आणि त्यातून हायड्रोजन वायू तयार होतो. सेल पुरता संपल्यानंतरही उपकरणातच राहिला, तर हा वायू अधिक साचतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की सेल फुटू नये म्हणून ठेवलेला सीलमधील कमकुवत भाग उघडतो आणि वायूबरोबर द्रवही बाहेर पडतो. पूर्वी हा वायू आटोक्यात ठेवण्यासाठी सेलमध्ये थोडा पारा घालत. पर्यावरणाच्या कारणास्तव १९९० च्या दशकात तो वगळला जाऊ लागला आणि त्याची जागा अधिक शुद्ध जस्ताने व अन्य द्रव्यांनी घेतली.

बाहेर आलेली अल्कली हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावते आणि तिचे पोटॅशियम कार्बोनेट होते. आपल्याला दिसणारी पांढरी भुकटी ती हीच. ती हवेतील ओलावा शोषून घेते, पुन्हा ओली होते आणि स्प्रिंगवरून, तारेवरून हळूहळू पुढे सरकत सर्किटच्या तांब्याच्या रेषांपर्यंत पोहोचते. ॲल्युमिनियमला तर अल्कली थेट खाते. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या विजेरीत पाझरलेला सेल असा काही अडकून बसतो की विजेरी आपटूनही तो बाहेर येत नाही.

खान्देशचे ऊन आणि सेल

मे महिन्यात जळगाव, भुसावळ परिसरात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, हे खान्देशवासीयांना नवे नाही. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सेल बनवणाऱ्या कंपन्या साधारण १० ते २५ अंश तापमानात साठवणूक सुचवतात, तर येथे पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याच्या दुपटीहून अधिक उष्णता सहज असते. अशा ठिकाणी न वापरलेला सेलही लवकर उतरतो आणि त्यातील वायूचा दाब वाढतो. त्यापाठोपाठ येणारा पावसाळा आपल्या दमट हवेने पाझरलेला क्षार पसरवतो. म्हणजे उन्हाळ्यात सुरू झालेले नुकसान पावसाळ्यात पूर्ण होते.

यावर उपाय म्हणून काही जण सेल फ्रिजमध्ये ठेवतात. त्याची गरज नाही. बाहेर काढताच सेलवर दव जमते आणि नवाच त्रास सुरू होतो. घरातील सावलीची, कोरडी जागा पुरेशी आहे. स्वयंपाकघरातील ओट्याजवळची, टीव्हीच्या मागची आणि खिडकीतली जागा मात्र टाळावी.

सवयी ज्या महाग पडतात

संपत आलेले सेल उन्हात ठेवून पुन्हा विजेरीत घालण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. उष्णतेने आतील क्रियेला थोडी चालना मिळते आणि काही काळ प्रकाश पडतो, हे खरे. परंतु सेलमध्ये नवी शक्ती येत नाही. उरलीसुरली संपते आणि पातळ झालेली जस्ताची भिंत फुटण्याची वेळ जवळ येते. रिमोटमधून काढलेला सेल घड्याळात घालणे, ही दुसरी सवय. घड्याळाला वीज अत्यल्प लागते, म्हणून तो महिनोन्‌महिने चालतोही. पण त्याच काळात पाझरण्याचा धोका वाढतो. शिवाय घड्याळ बंद पडले तरी ते भिंतीवरून खाली उतरवायला आपल्याकडे आठवडे लागतात.

तिसरी चूक नवे-जुने सेल एकत्र घालण्याची. एका रांगेतील सेलपैकी जो दुबळा असतो, तो आधी संपतो. बाकीचे जोमदार सेल मग त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात आणि त्या संपलेल्या सेलमध्ये उलटी क्रिया सुरू होऊन वायू तयार होतो. जस्त-कार्बन आणि अल्कलाइन यांची सरमिसळ केली किंवा खेळण्यातील एखादा सेल उलटा बसला, तरी परिणाम असाच होतो. म्हणून सेल बदलायचे तर सगळे एकदम, एकाच प्रकारचे आणि एकाच कंपनीचे घ्यावेत. साधा सेल चार्जरवर लावण्याचा प्रयोग तर कदापि करू नये.

आणखी एक गैरसमज असा की, बटण बंद केले म्हणजे वीज वापरली जात नाही. आजच्या अनेक उपकरणांत बटण नावापुरते असते. आतील सर्किट सूक्ष्म प्रवाह घेतच राहते आणि सेल नकळत शून्यावर येतो.

कुठे कोणता सेल?

घड्याळ आणि रिमोट यांना वीज थोडी लागते. तेथे साधा सेल चालतो, मात्र तो वर्षातून एकदा, चालू असतानाच, बदलावा. रक्तदाबाचे यंत्र, खेळणी, कॅमेऱ्याचा फ्लॅश यांना एकदम जास्त प्रवाह लागतो. त्यांना अल्कलाइन किंवा पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल योग्य. हे सेल १.२ व्होल्टचे असतात, तरी बहुतेक उपकरणे त्यांवर चालतात आणि ते क्वचितच पाझरतात. २००५ पासून यातील दीर्घकाळ भार टिकवणारा प्रकारही बाजारात आला आहे. गॅस गिझरचे मोठे सेल न्हाणीघरातील दमट हवेत असतात, म्हणून त्यांची तपासणी अधिक वेळा करावी.

जे उपकरण महिनाभर लागणार नाही, त्यातील सेल काढून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय. एसीचा रिमोट खान्देशात पावसाळा सुरू झाला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पडून असतो; त्यातील सेल जूनमध्येच बाहेर काढावेत. ऑक्सिमीटरचे सेल त्याच पेटीत, पण वेगळ्या पुडीत ठेवावेत, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध होत नाही. दिवाळीची साफसफाई आणि आखाजी असे वर्षातून दोन मुहूर्त धरून घरातील सर्व सेल तपासले, तरी बरेच साधते. रात्रीच्या पाळीत पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या विजेरीला हे विशेष लागू आहे. केळीच्या बागेत साप पायाशी असताना विजेरी न पेटणे ही केवळ गैरसोय नव्हे.

पाझर आढळला तर

प्रथम हातमोजे घालावेत. भुकटीवर फुंकर घालू नये. ती डोळ्यांत गेल्यास इजा होते. डोळ्यांत गेलीच, तर पंधरा-वीस मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुऊन डॉक्टरांकडे जावे. वर्तमानपत्र अंथरून सेल काढावेत आणि भुकटी कोरड्या ब्रशने झटकावी. सेलवर ‘अल्कलाइन’ असे लिहिले असेल, तर कापसाच्या काडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगरचे काही थेंब घेऊन डाग पुसावेत. फेस आला, तर अल्कलीचा परिणाम नाहीसा होत आहे असे समजावे. जस्त-कार्बन सेलचा पाझर आम्लधर्मी असतो. त्यासाठी पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा वापरावा. मग किंचित ओल्या आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसून उपकरण सावलीत दिवसभर वाळवावे. पट्टीवर गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासावे. स्प्रिंग खाल्ली गेली असेल, तर दुरुस्ती करणारे कारागीर ती बदलून देऊ शकतात. वैद्यकीय उपकरण मात्र पुन्हा सुरू झाले, तरी त्याचे आकडे दुसऱ्या उपकरणाशी ताडून पाहिल्याखेरीज त्यावर विसंबू नये.

मोबाइलच्या वा पॉवर बँकेच्या फुगलेल्या लिथियम बॅटरीला हे उपाय लागू नाहीत. ती टोचू नये, दाबू नये, चार्ज करू नये. मुलाने बटण सेल गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी करवण्यात वेळ न दवडता थेट रुग्णालय गाठावे. अन्ननलिकेत अडकलेला असा सेल दोन तासांच्या आतही गंभीर जखम करू शकतो.

संपलेल्या सेलचे काय?

२००१ चे बॅटरीविषयक नियम शिसे-आम्ल बॅटऱ्यांपुरते होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी लहान सेलही कक्षेत आणले. संकलनाची व पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, तसेच ग्राहकानेही असा कचरा इतर कचऱ्यात मिसळू नये, असे बंधन घातले. त्याआधी २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वापरलेल्या सेलचा समावेश घरगुती घातक कचऱ्यात केला होता. तेव्हा घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर सेल टाकणे चूकच. ते एका प्लास्टिकच्या बरणीत साठवावेत, बटण व लिथियम सेलच्या टोकांना चिकटपट्टी लावावी आणि बरणी भरली की स्वतंत्रपणे घातक कचरा म्हणून किंवा ई-कचरा संकलनात द्यावी. होळीत किंवा शेकोटीत सेल टाकणे अत्यंत धोकादायक, कारण तो उष्णतेने फुटतो.

सेल ही वस्तू इतकी लहान आणि स्वस्त की तिच्याकडे लक्ष देण्याची सवयच आपल्याला लागलेली नाही. मात्र तिच्यावर विसंबून असलेली उपकरणे आता तापापासून रक्तदाबापर्यंत सारे काही मोजतात. कपाटातील ऑक्सिमीटरचे झाकण आजच उघडून पाहण्यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.