डिप्रेशनची गोळी अचानक बंद केली आणि डोक्यात 'करंट' बसतोय? नेमकं काय होतंय, समजून घ्या

सात-आठ महिने गोळी सुरू आहे. झोप लागतेय, भूक लागतेय, ऑफिसला जाणं जमतंय. घरात एकच पालुपद सुरू असतं, "आता बरी आहेस ना? मग अजून किती दिवस खाणार त्या गोळ्या?" स्ट्रिप संपते. मेडिकलमध्ये जायचं आज राहतं, उद्या राहतं. मग वाटतं, बंदच करून बघूया.

दोन दिवस काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. चक्कर येते, मळमळतं, कारण नसताना रडू येतं, रात्री भलतीच स्वप्नं पडतात. आणि मनात पहिला विचार येतो, "आजार परत आला."

आला असेलही. पण बऱ्याचदा तो आजार नसतो, औषध अचानक थांबल्याची शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. या दोन्हींत गल्लत झाली की नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. कुणी गरज नसताना वर्षानुवर्षं गोळी घेत राहतं, तर कुणी परतलेल्या आजाराकडे "गोळी सोडल्याचा त्रास आहे, जाईल" म्हणून दुर्लक्ष करतं.

हा त्रास होतो कशामुळे?

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही आज सर्रास दिली जाणारी अँटीडिप्रेसंट्स. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलण्यासाठी सेरोटोनिन हे रसायन वापरतात आणि काम झालं की ते परत शोषून घेतात. हे परत शोषण्याचं काम करणाऱ्या 'पंपांना' या गोळ्या अडवतात. व्हेनलाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिनसारखी औषधं सेरोटोनिनबरोबर नॉरएपिनेफ्रिनचेही पंप अडवतात.

काही आठवड्यांत मेंदू या नव्या परिस्थितीला सरावतो आणि त्यानुसार स्वतःत बदल करतो. गोळी एका दिवसात थांबते, पण मेंदूने केलेले बदल एका दिवसात मागे फिरत नाहीत. त्या मधल्या काळातला गोंधळ म्हणजे हा त्रास. इंग्रजीत याला 'विथड्रॉवल' म्हणतात.

म्हणजे या गोळ्यांचं व्यसन लागतं?

नाही. व्यसनात त्या पदार्थाची ओढ लागते, डोस वाढवावासा वाटतो, त्यासाठी माणूस खोटं बोलतो, कामधंदा सोडतो. अँटीडिप्रेसंटच्या बाबतीत असं होत नाही. शरीराला औषधाची सवय मात्र होते. म्हणून "सवय लागेल" या भीतीने गरज असताना गोळी टाळू नका आणि "व्यसन नाही ना?" म्हणून ती एका झटक्यात बंदही करू नका.

हे सगळ्यांनाच होतं का?

नाही. 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये २०२४ साली ७९ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २१ हजार लोकांची माहिती होती. अँटीडिप्रेसंट थांबवल्यावर ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. गंमत म्हणजे, औषध नसलेली दिखाऊ गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्के लोकांनी त्रास सांगितला. हा फरक धरला तर साधारण सहा-सात जणांमागे एकाला खरोखर औषध थांबल्यामुळे त्रास होतो आणि सुमारे ३५ जणांमागे एकाला तो तीव्र असतो.

या आकड्यांवर वाद आहे. यातले बरेच अभ्यास थोड्या काळासाठी औषध घेतलेल्यांवर झाले होते. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांमध्ये प्रमाण जास्त असू शकतं, असं अनेक संशोधकांचं म्हणणं आहे.

कुठलं औषध आहे, यानेही फरक पडतो. व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिन शरीरातून लवकर बाहेर पडतात, त्यामुळे त्यांचा त्रास जास्त दिसतो. फ्लुओक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक कित्येक दिवस टिकतो, म्हणून तिथे त्रास कमी होतो किंवा उशिरा सुरू होतो.

आजार परतलाय की गोळी सोडल्याचा त्रास?

खात्रीने सांगणं डॉक्टरांनाही कधी कधी अवघड जातं. तरी काही खुणा आहेत.

- वेळ: गोळी सोडल्याचा त्रास बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत सुरू होतो. आजार सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परततो.
- लक्षणं: डोक्यात करंट, चक्कर, मळमळ, फ्लूसारखी कणकण ही गोळी सोडल्याची लक्षणं. डिप्रेशनमध्ये ती सहसा नसतात. चिडचिड, झोप उडणं, रडू येणं मात्र दोन्हींत असतं.
- गोळीचा परिणाम: डॉक्टरांनी गोळी परत सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत बरं वाटलं, तर तो बहुधा गोळी सोडल्याचाच त्रास. डिप्रेशन इतक्या लवकर ओसरत नाही.

बऱ्याच जणांचा त्रास एक-दोन आठवड्यांत कमी होतो. काहींना मात्र तो कित्येक आठवडे, क्वचित महिनोन् महिने राहतो. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्य संस्थेने २०१९ मध्ये आपल्या सूचना बदलून हे मान्य केलं. त्याआधी हा त्रास साधारण आठवडाभराचा आणि सौम्य असतो, असंच सांगितलं जायचं.

मग गोळी सोडायची कशी?

सगळ्यात आधी, सोडायची वेळ आली आहे का, हे डॉक्टरांबरोबर ठरवा. बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने औषध सुरू ठेवायला सांगतात. डिप्रेशन पुन्हा पुन्हा झालं असेल तर त्याहून जास्त काळ. त्यानंतर डोस टप्प्याटप्प्याने कमी करायचा.

इथे एक गणित समजून घेण्यासारखं आहे. सिटालोप्रॅमचं उदाहरण घेऊ. २० मिलिग्रॅमला मेंदूतले सुमारे ८० टक्के पंप अडवले जातात. १० मिलिग्रॅमला अर्धे, म्हणजे ४० टक्के व्हायला हवेत ना? तसं होत नाही, तेव्हाही सुमारे ७० टक्के अडवलेले असतात. ५ मिलिग्रॅमलाही जवळपास ६० टक्के. म्हणजे २० वरून ५ वर येताना मेंदूला छोटी पायरी उतरावी लागते आणि ५ वरून थेट शून्यावर येताना मोठी उडी मारावी लागते. "अर्धी गोळी केली तेव्हा काहीच झालं नाही, ती बंद केल्यावर हाल झाले," असं अनेक जण सांगतात, त्याचं हे एक कारण. म्हणून शेवटचे टप्पे सगळ्यात छोटे आणि संथ ठेवावे लागतात. कुणाचं हे काम काही आठवड्यांत होतं, कुणाला कित्येक महिने लागतात.

या चुका टाळा

- दिवसाआड गोळी घेणं. लवकर उतरणाऱ्या औषधांची शरीरातली पातळी त्यामुळे सारखी वर-खाली होते.
- कॅप्सूल स्वतःच्या मनाने उघडणं, लाँग-अॅक्टिंग गोळी कापणं. या गोळ्या औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेल्या असतात.
- स्ट्रिपवरचं नाव न वाचणं. आपल्याकडे एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात. क्लोनाझेपाम अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते. अशी गोळी स्वतःहून कधीच बंद करू नका.
- गरोदर असल्याचं कळताच घाबरून गोळी बंद करणं. आधी डॉक्टरांना फोन करा.

त्रास सुरू झाला असेल तर?

डॉक्टरांना कळवा. मागच्या डोसवर परत जाऊन पुढची पायरी आणखी छोटी करता येते. याला हार म्हणत नाहीत. तोवर झोपेची वेळ पाळा, दारू टाळा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. चक्कर येत असेल तर गाडी चालवू नका. रोज दोन ओळी लिहून ठेवा, आज डोस किती होता, काय झालं. पुढच्या भेटीत हीच नोंद कामी येते. परीक्षा, लग्न, नवी नोकरी अशा धावपळीत गोळी सोडायला घेऊ नका. आणि घरात किमान एका माणसाला सांगून ठेवा, कारण आपल्यातला बदल बऱ्याचदा दुसऱ्यालाच आधी दिसतो.

आत्महत्येचे विचार येत असतील, रात्री-रात्री झोप लागत नसेल, प्रचंड अस्वस्थता किंवा अचानक अतिउत्साह वाटत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांकडे किंवा हॉस्पिटलमध्ये जा. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि आजार खरंच परत आला तर?

२०२१ मध्ये ब्रिटनमध्ये ४७८ लोकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे सगळे दीर्घकाळ औषधावर होते आणि आता सोडता येईल इतपत बरे होते. ज्यांनी हळूहळू औषध सोडलं, त्यांच्यापैकी ५६ टक्के लोकांमध्ये वर्षभरात आजार परतला. ज्यांनी सुरू ठेवलं, त्यांच्यातही ३९ टक्के लोकांमध्ये परतला. म्हणजे गोळी सोडून नीट राहिलेले लोक पुष्कळ आहेत, पण धोका खरा आहे. त्यामुळे शेवटची गोळी घेतल्यावरही काही महिने डॉक्टरांच्या संपर्कात राहा.

"किती दिवस खाणार त्या गोळ्या?" या प्रश्नाचं उत्तर घरच्यांच्या टोमण्यावर किंवा संपलेल्या स्ट्रिपवर सोडू नका. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तुम्हीच विचारा, "ही गोळी मी कधी आणि कशी बंद करायची?" तो तुमचा हक्क आहे.